बारा फोटोंचा रोल आणि वर्ध्याचे ऊन

फिल्मचे कॅमेरे परत आले, ही आता बातमी राहिलेली नाही. २०२२ मध्ये लायकाने आपल्या जुन्या एम ६ मॉडेलचे उत्पादन पुन्हा सुरू केले. २०२३च्या अखेरीस इंग्लंडच्या हारमन कंपनीने ‘फीनिक्स’ ही नवी रंगीत फिल्म काढली. २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स १७’ हा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा बाजारात आणला. जानेवारी २०१२ मध्ये ज्या कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला, तिचेच पिवळे डबे आज पोरे हौसेने विकत घेतात. मुंबई-पुण्यात आजोबांचा याशिका गळ्यात अडकवून फिरणारे कॉलेजकुमार पाहिले की बरे वाटते. पण ते सगळे तिकडचे झाले. मला पडलेला प्रश्न घरचा आहे. मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या घरात जातो आणि रोल धुऊन द्यायला दुकान सापडत नाही, अशा आपल्या वर्धा जिल्ह्यात हा नाद जमतो का? परवडतो का? आणि जमला तरी कशासाठी करायचा?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला ताटकळत राहायला नको. ब्लॅक अँड व्हाइट रोल, बारा फोटोंचा कॅमेरा, हिवाळ्याचे दिवस आणि रोल घरीच धुवायची तयारी, एवढे असेल तर जरूर करा. रंगीत रोल काढून कुरिअरने परगावी पाठवायचा, आठ-दहा दिवसांनी त्याचे स्कॅन मोबाइलवर मागवायचे आणि तिथेच पाहून सोडून द्यायचे, असा बेत असेल तर पैसे वाचवा. मोबाइल खिशात आहेच.

हा प्रश्न विचारायचा वर्ध्याचा हक्क इतरांपेक्षा थोडा जास्त आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात आले. पुढे १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजींच्या कार्यालयात पत्रे आणि हिशेब बघायला कनु गांधी हा विशीतला मुलगा होता. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचा हा मुलगा, जन्म १९१७चा. फोटोचा किडा त्याच्या डोक्यात सोडला तो विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी. कनुने बापूंकडे कॅमेरा मागितला. आश्रमाकडे अशा गोष्टींसाठी पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. परवानगी मिळाली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, बापूंना ‘असे बसा, तसे बघा’ म्हणायचे नाही, आणि आश्रम यासाठी एक पैसा देणार नाही.

(कनु नावाचा घोळ नेहमी होतो, तो इथेच निस्तरतो. जुहूच्या किनाऱ्यावरच्या प्रसिद्ध फोटोत बापूंची काठी धरून पुढे पळणारा मुलगा हा दुसरा कनु, रामदास गांधींचा मुलगा, म्हणजे बापूंचा नातू. तो त्या फोटोच्या आत आहे. आपला कनु कॅमेऱ्याच्या मागचा.)

या तीन अटी फिल्मवाल्याच्या नजरेने पुन्हा वाचा. फ्लॅश नाही, म्हणजे मातीच्या भिंतींच्या, बांबूच्या जाळीतून उजेड येणाऱ्या खोलीत जेवढा प्रकाश असेल तेवढ्यावरच भागवायचे. त्या काळच्या फिल्म आजच्या मानाने फार मंद. म्हणून शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागे, आणि हललेला हात पुसटच यायचा. कनुच्या आतल्या खोलीतल्या फोटोंना जो मऊपणा आहे, त्यामागे हा नाइलाज आहे. आज तोच मऊपणा अ‍ॅपमध्ये फिल्टर म्हणून विकतात. ‘असे बसा’ म्हणायचे नाही, म्हणजे वाट बघायची. आणि आश्रमाचे पैसे नाहीत, म्हणजे रोलमधले बाराच्या बारा फोटो मोजून काढायचे.

आता कॅमेरा पाहू. माझ्या मते कनुच्या कामाचे अर्धे इंगित त्यात आहे. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावायचा नसतो. तो पोटाशी धरायचा, वरचे झाकण उघडायचे आणि खाली मान घालून काचेत पाहायचे. त्याला दोन भिंगे असतात. वरच्यातून आपण पाहतो, खालच्यातून फिल्मवर चित्र उमटते. काचेतले चित्र उजवे-डावे उलटे दिसते, त्यामुळे नवख्याची फार तारांबळ उडते. माणूस डावीकडे चालला की आपण कॅमेरा भलतीकडेच वळवतो. पण समोरच्यावर रोखलेली नजर यात नसते. फोटो काढणारा मान खाली घालून उभा, म्हणून समोरच्यालाही अवघडल्यासारखे होत नाही. शटर भिंगाच्या आतच असते आणि आरसा हलत नाही, त्यामुळे आवाज जेमतेम ‘टिक्’ एवढाच. शिवाय गांधीजी बहुतेक वेळ जमिनीवर बसलेले. गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या पोटाशी धरलेला कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो. म्हणून कनुच्या फोटोत आपण गांधीजींना वरून पाहत नाही, शेजारी बसून पाहतो. परचुरे शास्त्रींची, त्या कुष्ठरोगी संस्कृत पंडिताची, सेवा करणारे बापू असोत की फोनवर बोलणारे, ही जवळीक सगळीकडे आहे.

याच्या समोर फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट ठेवा. ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी गांधीजींचा फोटो काढायला १९४६ मध्ये त्या पुण्यात आल्या. चरखा कातायला शिका, मग फोटो, असे त्यांना सांगितले गेले. वर फ्लॅशचे बल्ब फक्त तीन. त्यांचा फोटो जगभर गेला आणि तो मोठाच आहे, पण तो पाहुण्याचा फोटो आहे. दहा वर्षे घरात वावरलेल्या माणसाचा फोटो वेगळा दिसतो. आणि घरच्या माणसालाही कुठे थांबायचे ते कळावे लागते. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, तेव्हा बापूंनी कनुला फोटो काढू दिला नाही. आपल्या हाती मोबाइल आल्यापासून असे ‘नाही’ म्हणणारा घरात कोणी उरलेला नाही.

इतिहास इथे थांबवतो आणि कपाटाकडे वळतो. जिल्ह्यातल्या जुन्या घरांत आज काय सापडते? सर्वांत जास्त सापडतो तो आग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने हा कॅमेरा आणि त्याचा भाऊबंद आयसोली घरोघरी पोचवला. क्लिक थ्रीत १२० नंबरचा रोल बसतो आणि चौकोनी बारा फोटो येतात. शटरचा वेग ठरलेला, फोकस करायची भानगड नाही, फक्त ऊन आणि ढग अशी खूण फिरवायची. त्यानंतर सापडतात रशियाहून आलेले झेनिट, दगडासारखे जड आणि तितकेच टिकाऊ. परदेशात कोणी नातेवाईक असेल तर याशिका इलेक्ट्रो किंवा याशिका मॅट. ऐंशीच्या दशकातला हॉट शॉट आणि नव्वदीतला कोडॅक केबी १० हे प्लॅस्टिकचे, सहलीला आणि बारशाला चाललेले. शेवटच्या दोघांचा मोह नको. त्यांत आनंद घ्यावा असे काही नाही, तेव्हाही नव्हते.

शिकायला क्लिक थ्री उत्तम, एका अटीवर. त्याच्या पाठीला फोटोचा आकडा दिसावा म्हणून लाल काचेची बारीक खिडकी असते. जुन्या फिल्म मंद होत्या, तेव्हा ती लाल काच पुरायची. आजच्या फिल्म जास्त संवेदनशील आहेत, आणि वर्ध्याचे दुपारचे ऊन त्या खिडकीतून आत शिरून रोलवर डाग पाडते. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी लावा. रोल पुढे सरकवताना सावलीत उभे राहून पट्टी उचला, आकडा बघा, लगेच पुन्हा चिकटवा. फिल्म १०० आयएसओची, म्हणजे कमी संवेदनशील, तीच घ्या. ४०० आयएसओची फिल्म आणि क्लिकचे हळू शटर हे आपल्या उन्हात जुळत नाही, निगेटिव्ह काळीठिक्कर येते.

ज्यांना खरोखर रमायचे आहे त्यांनी याशिका मॅटसारखा दोन भिंगांचा कॅमेरा शोधावा. तो पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी नसली तरी शटर चालते. इलेक्ट्रोचे तसे नाही, त्याला बॅटरी लागते, आणि त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. मॅटच्या काही मॉडेलांतला प्रकाश मोजणारा काटाही जुन्या बॅटरीवरच बेतलेला असल्याने चुकीचे सांगतो. त्याची गरजही नाही. भर उन्हात छिद्र एफ १६ वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओएवढा, म्हणजे १०० आयएसओला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. हा जगभरचा जुना नियम आहे. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ इतके स्वच्छ असते की तो डोळे मिटून पाळावा.

कॅमेरा घेताना भिंग उजेडासमोर धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपला उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याला बुरशी हमखास लागते. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. चामड्याचे केस सुंदर दिसते, पण ते भिंतीवर टांगायला ठेवा.

आता पैसा. एक रंगीत रोल आज हजार रुपयांच्या आसपास पडतो. त्यावर धुणे, स्कॅन करणे आणि कुरिअर धरले की पस्तीस मिलिमीटरच्या ३६ फोटोंना चाळीसेक रुपये दर फोटोमागे जातात. १२० च्या रोलला बाराच फोटो, म्हणजे दर आणखी चढा. हे सगळे परदेशी मालाचे भाव आहेत, कारण आपला माल उरलेला नाही. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. १९६७ पासून ती ‘इंदू’ नावाने फिल्म आणि कागद बनवायची. ती पुढे आजारी पडली आणि डिजिटलच्या लाटेत बंद झाली. आता ब्लॅक अँड व्हाइट फिल्म येते ती मुख्यतः इंग्लंड, अमेरिका नाहीतर चेक प्रजासत्ताकातून. चेकची फोमा त्यातल्या त्यात स्वस्त, शिकणाऱ्याने तीच घ्यावी.

खर्च खाली आणायचा एकच मार्ग आहे, रोल घरी धुणे. आणि इथे वर्धा जिल्ह्याची स्वतःची अशी गोष्ट सुरू होते. कोणत्याही जुन्या स्टुडिओत जाऊन विचारा, “काका, रोल धुऊन भेटन का?” उत्तर ठरलेले: “आता कोन धुते रोल, भाऊ? मशीन कवाचीच भंगारात गेली.” तेव्हा काकांना त्रास देऊ नका. एक टाकी, एक थर्मामीटर, चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते पक्के करणारा हायपो आणि हात घालून काम करायची काळी कापडी पिशवी, एवढे पुरते. डार्करूम नको. दार बंद केलेली मोरी पुरे.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या डेव्हलपरचे सगळे वेळापत्रक २० अंश सेल्सियसवर बेतलेले असते. उदाहरणार्थ, इल्फर्डची एचपी ५ फिल्म आयडी ११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटे ठेवतात. २४ अंशांना तीच वेळ सव्वापाच मिनिटांवर येते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रभर बादलीत ठेवलेले पाणी काही न करता वीसच्या आसपास असते. तेव्हा रोल धुणे म्हणजे सुख. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी हात भाजते. त्या तापमानाला वेळ इतकी कमी होते की फिल्मवर पट्टे पडतात, आणि वरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो. नखही लागले तरी निघतो. बर्फ घालून पाणी वीसवर आणता येते, पण पुढची प्रत्येक धुलाई त्याच तापमानाला व्हावी लागते. एक पाणी थंड आणि दुसरे गरम झाले तर जिलेटिन आक्रसून त्यावर बारीक जाळी उमटते. शिवाय काळ्या पिशवीत घामेजलेल्या हातांनी फिल्म रिळावर चढवायची म्हणजे परीक्षाच. फिल्म ओलसर होते, अर्ध्यात अडकते, ना पुढे जाते ना मागे. एप्रिल ते जून हा नाद बंद ठेवावा, हे माझे स्वच्छ मत. काढलेला रोल हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. डबी बाहेर काढली की उघडण्याआधी दोन-तीन तास तशीच राहू द्या, नाहीतर आत दव धरते.

मग जुने स्टुडिओवाले मेमधल्या लग्नसराईत काय करायचे? तुरटी. पोटॅश अ‍ॅलम म्हणजे आपली तुरटीच. आम्लयुक्त हायपोत ती घातली की जिलेटिन कडक होते. उष्ण प्रदेशांसाठीच्या डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालत, त्याने थर फुगणे थांबते. ही युक्ती जगभर माहीत होती. आजच्या तयार पाकिटांत बहुधा ती नसते, कारण ती पाकिटे थंड देशांसाठी बनतात.

रंगीत फिल्मचे नेमके उलट. तिच्या सी ४१ प्रक्रियेला डेव्हलपर ३७.८ अंशांचा लागतो, वेळ सव्वातीन मिनिटे. थंड देशांतले हौशी लोक त्यासाठी पाणी तापवण्याचे यंत्र घेतात. आपल्याकडे मेमध्ये नळच ते काम फुकट करतो. गंमत म्हणून हे छान आहे, पण तापमानात अर्ध्या अंशाचाही फरक चालत नाही. रसायने एकदा कालवली की फार टिकतही नाहीत. एकट्यादुकट्या माणसाने त्यात पडू नये. चार-पाच जणांनी मिळून रोल साठवले आणि एकाच रविवारी धुतले तर परवडेल.

एका मुद्द्याकडे फिल्मचे भक्त बहुधा कानाडोळा करतात. फिल्म म्हणजे काही सात्त्विक वस्तू नव्हे. तिच्यावरचा थर जिलेटिनचा, आणि ते गुराढोरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनते. ज्या वर्ध्यात नालवाडीच्या चर्मालयात केवळ नैसर्गिक रीतीने मेलेल्या जनावरांचे कातडे कमवायचा आग्रह होता, तिथे हे बोलायलाच हवे. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ती अंगणात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवा आणि त्यात साध्या स्टील वूलचा गोळा काही दिवस बुडवून ठेवा. चांदी त्यावर बसते. कनुच्या रोलायफ्लेक्सचे गुणगान करणाऱ्यांनी ही बाजूही सांगावी.

काय काढायचे, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. माझ्या आवडीत पहिला क्रमांक वर्ध्याच्या गीताई मंदिराचा. तिथे उभ्या दगडांवर कोरलेले गीताईचे अध्याय आहेत, आणि सकाळचे तिरपे ऊन पडले की अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. रंगाची तिथे गरजच नाही. पवनारला धाम नदीचा काठ, हिंगणघाटच्या बाजारातल्या कापसाच्या गाड्या, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार जाणारी पोरे, हे सगळे बारा फोटोंत बसते. बोर व्याघ्र प्रकल्पात मात्र फिल्म नेऊ नका. वाघ पहाटेच्या अंधुक उजेडात दिसतो आणि दोन सेकंद थांबतो. तिथे डिजिटलच बरा, यात कमीपणा नाही.

बारा फोटो ही बंधनाची गोष्ट आहे, आणि या सगळ्या खटाटोपाचा खरा लाभ तिथेच आहे. फिल्मचा रंग, दाणे, ‘लुक’ यांचे कौतुक मला फारसे पटत नाही, ते संगणकावर हुबेहूब करता येते. संगणकाला हे करता येत नाही की पोरांचा घोळका समोर असताना तुमचे शेवटचे दोनच फोटो उरलेले असावेत, आणि तुम्ही कॅमेरा न उचलता थोडे थांबावे. कनुवर घातलेली तिसरी अट कोणी आपल्यावर घालत नाही. ती आपणच घालून घ्यायची असते. मोबाइलवर दिवसाला बाराच फोटो काढायचे ठरवले तरी तेच साधेल, असे कोणी म्हणेल. तत्त्वतः खरे आहे. पण तसे करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

कनुचे फोटो आज आपण पाहू शकतो ते निगेटिव्ह टिकल्या म्हणून. कनु गेला १९८६ मध्ये. बर्लिनच्या गांधीसर्व्ह फाउंडेशनच्या पीटर र्‍यूहे यांनी हा ठेवा जपायचे काम मनावर घेतले, आणि २०१५ मध्ये दिल्लीच्या नझर फाउंडेशनने ‘कनुज् गांधी’ हे पुस्तक काढले. जिल्ह्यातल्या इतर फोटोग्राफरांना असा जपणारा कोणी लाभलेला नाही. वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, देवळी इथल्या स्टुडिओंनी साठ-सत्तर वर्षे लग्ने, गणपती, शाळांचे वर्ग, निवडणुकांच्या सभा टिपल्या. काचेसारख्या गुळगुळीत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण घालवणारे कारागीर तिथे होते. दुकान बंद झाले की हे खोके चांदी काढणाऱ्याकडे नाहीतर थेट उकिरड्यावर जातात.

म्हणून स्टुडिओवाल्या मंडळींना आणि त्यांच्या मुलांना एक विनंती. निगेटिव्ह पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका. उष्णतेने त्या वाकतात आणि सडतात. खोका उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर सडायला सुरुवात झाली आहे, तेवढ्या निगेटिव्ह लगेच वेगळ्या काढा. बाकीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदी पाकिटात घाला. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, आणि पाकिटावर वर्ष आणि गाव पेन्सिलने लिहा. आणि ज्यांनी नव्याने कॅमेरा घेतला आहे, त्यांनी पहिला रोल धुऊन झाला की गावातल्या अशा एका दुकानात जाऊन ही पाकिटे लिहायला हात लावावा. काका नावे सांगतील. ती सांगणारे आता फार थोडे उरले आहेत.